रसद

२०२१ सालचा मे महिना विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. ऑक्सिजन हा तोवर शाळेच्या पुस्तकातला शब्द होता; त्या उन्हाळ्यात तो घराघरांत शिरला. सिलिंडर कुठे मिळेल, कॉन्सन्ट्रेटर कोण भाड्याने देईल, याचे निरोप रात्री-अपरात्री फिरत होते. त्याच महिन्यात अमेरिकेतल्या न्यूअर्कहून सुटलेलं एक बोइंग ७७७ मालवाहू विमान मुंबईला उतरलं. 'डायरेक्ट रिलीफ' या सेवाभावी संस्थेने पाठवलेले तीन हजारांहून अधिक ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर व कन्व्हर्टर आणि अडीच लाखांहून अधिक मास्क त्यात होते. विमान फेडएक्स कंपनीचं होतं आणि ही फेरी कंपनीने मदत म्हणून केली होती.

विमान आलं, माल उतरला, पुढे गेला. अशा वेळी मदत कुणी पाठवली हे लोकांच्या ध्यानात राहतं. ती वेळेत पोचवली कुणी, हे सहसा राहत नाही. रसदीचं कामच असं. पोचली तर तिचं नाव कुणी घेत नाही, तुटली तर इतिहास बदलतो. मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको. पानिपतावर भाऊसाहेबांच्या छावणीतली दाणावैरण आधी संपली आणि १४ जानेवारी १७६१चा दिवस त्यानंतर उजाडला.

ते विमान ज्या कंपनीचं होतं, ती उभी करणारा माणूस २१ जून २०२५ रोजी गेला. फ्रेडरिक वॉलेस स्मिथ. जग त्यांना फ्रेड स्मिथ म्हणून ओळखत होतं. ते ८० वर्षांचे होते. अमेरिकेच्या मरीन कोअरमध्ये ते कॅप्टन होते. व्हिएतनामच्या युद्धात एक सिल्व्हर स्टार, एक ब्राँझ स्टार आणि जखमी सैनिकाला मिळणारी दोन पर्पल हार्ट पदकं त्यांनी मिळवली होती. पुढे त्यांनी जी कंपनी काढली, तिच्यात त्यांच्या अखेरच्या काळात जगभर पाच लाखांवर माणसं काम करत होती.

मृत्यूनंतर आलेल्या लेखांमध्ये या दोन गोष्टी दोन वेगळ्या परिच्छेदांत असायच्या. आधी सैनिक, मग उद्योगपती. त्यांचं आयुष्य वाचत गेलो तसं मला ते दोन परिच्छेद वेगळे करता येईनात. लेफ्टनंट स्मिथ आणि मेम्फिसचे उद्योगपती स्मिथ, दोघांचं काम एकच होतं : सर्वांत पुढे उभ्या असलेल्या माणसाला लागेल ती वस्तू लागेल त्या वेळी पोचवायची, आणि ती पोचवणाऱ्याला वाऱ्यावर सोडायचं नाही. या कामात ते कुठे पुरे पडले आणि कुठे उणे, दोन्ही पाहायला हवं.

कुबड्या आणि कॉकपिट

११ ऑगस्ट १९४४ रोजी मिसिसिपी राज्यातल्या मार्क्स नावाच्या लहान गावात स्मिथ यांचा जन्म झाला. वाहतूक घरातच होती. आजोबा नदीतल्या वाफेच्या बोटीचे कप्तान. वडिलांनी बसकंपनी उभी केली. ती पुढे ग्रेहाउंड या मोठ्या बसजाळ्यात सामील झाली. 'टॉडल हाउस' नावाची छोट्या खाणावळींची साखळीही त्यांचीच. पैसा होता, वडील मात्र फ्रेड चार वर्षांचे असतानाच गेले.

त्याच वयात हाडांच्या आजाराने मुलाला गाठलं. खुब्याचा सांधा झिजवणारा तो आजार. कुबड्या आल्या, पट्टे आले, मैदानाच्या कडेला बसून इतरांचे खेळ पाहणं आलं. दहाव्या वर्षाच्या सुमारास तो बरा झाला, आणि एवढी वर्षं बसून काढलेल्या मुलाला मग कुठेच बसवेना. फुटबॉल खेळू लागला. पंधराव्या वर्षी विमान चालवायला शिकला. शाळेत असतानाच मित्रांबरोबर रेकॉर्ड काढण्याचा उद्योग सुरू केला. त्यातूनच मेम्फिसचा पुढे नावारूपाला आलेला 'आर्डेंट' स्टुडिओ उभा राहिला.

१९६२ मध्ये ते येल विद्यापीठात गेले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉर्ज डब्ल्यू. बुश आणि पुढे परराष्ट्रमंत्री झालेले जॉन केरी हे तिथले त्यांचे समकालीन. स्मिथ यांनी अर्थशास्त्राच्या वर्गासाठी १९६५ मध्ये एक निबंध लिहिला, आणि उद्योगजगतातली एक प्रसिद्ध दंतकथा त्या निबंधाभोवती तयार झाली. निबंधाचा विषय असा : कारखान्यांची, बँकांची, दवाखान्यांची कामं आता यंत्रांवर आणि संगणकांवर चालणार. यंत्र बंद पडलं तर सुटा भाग आठवड्याने मिळून चालणार नाही, उद्या सकाळी मिळायला हवा. त्या वेळी असा माल प्रवासी विमानांच्या पोटातून, प्रवाशांच्या सोयीच्या वेळी, तीन ठिकाणी बदलत जायचा. मालाला स्वतःची विमानं हवीत, स्वतःचं वेळापत्रक हवं, आणि ते रात्रीचं हवं.

निबंधाला 'सी' श्रेणी मिळाली, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. स्मिथ स्वतः सांगत की नेमकी श्रेणी आपल्याला आठवत नाही. श्रेणीची गोष्ट ऐकायला गोड आहे, पण ती ऐकताना एक साधी बाब नजरेआड होते. १९६५ चा तो निबंध कागदावरच राहिला होता. त्यात माणसं नव्हती. ती पुढच्या चार वर्षांत आली.

गो नोई

पदवी घेतली त्या वर्षी, १९६६ मध्ये, स्मिथ मरीन कोअरमध्ये अधिकारी झाले. मरीन कोअर हे अमेरिकेचं भूदलाहून वेगळं सैन्यदल; समुद्रातून उतरून पहिला हल्ला करायचा ही त्याची परंपरा, पण व्हिएतनाममध्ये त्यांना भूदलासारखीच भातखाचरांतून आणि बांबूच्या बेटांतून लढाई करावी लागली. नव्या लेफ्टनंटच्या हाती एक प्लाटून मिळाली. तिच्यातली पोरं श्रमिक घरांतली. येलच्या हिरवळीवर अशांशी गाठ पडण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांचा सार्जंट मुरलेला सैनिक होता. लेफ्टनंटसाहेबांनी लक्षात ठेवायच्या गोष्टी तीनच, असं त्याने स्मिथ यांना सांगितलं : गोळीबार करायचा, हालत राहायचं आणि संपर्क तुटू द्यायचा नाही. स्मिथ हा धडा पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

दा नांग शहराच्या दक्षिणेला नद्यांच्या फाट्यांनी वेढलेला एक सखल प्रदेश आहे. मरीन त्याला गो नोई बेट म्हणत. गावं, खंदक, ऊस, बांबू आणि त्यांत दबा धरून बसलेल्या उत्तर व्हिएतनामच्या तुकड्या. मे १९६८ मध्ये तिथे 'ॲलन ब्रूक' ही मोहीम सुरू झाली. उन्हाळा असा की गोळीने पडणाऱ्यांबरोबर उष्माघाताने कोसळणाऱ्यांनाही हेलिकॉप्टरने न्यावं लागे.

२७ मे १९६८. स्मिथ आता पाचव्या मरीन रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियनमधल्या 'के' कंपनीचं नेतृत्व करत होते. वय २३. कंपनीवर शत्रूच्या मोठ्या फौजेचा मारा सुरू झाला. रायफली, मशीनगन, उखळी तोफा. स्मिथ आडोसा सोडून उघड्यावर आले, कारण तोफांचा मारा कुठे पडतो आहे ते आडोशातून दिसत नव्हतं. आपल्याच रांगेच्या अगदी जवळ पडेल असा तोफांचा आणि विमानांचा मारा त्यांनी पावलापावलाने सरकवत आणला. शत्रूची घडी विस्कटल्याचं दिसताच कंपनी घेऊन त्यांनी चढाई केली. या दिवसासाठी त्यांना सिल्व्हर स्टार मिळाला.

शौर्यपदकाच्या मानपत्रात शौर्य असतं; त्या दिवशी किती जण परत आले नाहीत हे त्यात नसतं. स्मिथ युद्धाबद्दल बोलत तेव्हा पदकाकडे फारसे वळत नसत. हाताखालच्या पोरांबद्दल बोलत. सुस्थितीतल्या घरांतल्या मुलांना शिक्षणाच्या वा ओळखीच्या आधाराने त्या युद्धातून सुटायला वाटा होत्या. कामगारांच्या मुलांना त्या कमी होत्या. या पोरांकडून काम कसं होतं? धाक दाखवून फार तर एक दिवस. त्यांच्याआधी आपण जेवायचं नाही, त्यांना कारण सांगितल्याशिवाय मरणाच्या तोंडी धाडायचं नाही, चांगलं केलं तर त्याच दिवशी चारचौघांत सांगायचं. मरीनमधल्या अधिकाऱ्याला शिकवलेलं हे नेतृत्व स्मिथ यांना विद्यापीठाच्या शिक्षणापेक्षा जास्त उपयोगी पडलं, असं ते अनेकदा म्हणत.

दुसऱ्या फेरीत ते हवाई निरीक्षणाच्या कामावर गेले. ओव्ही-१० या लहान टेहळणी विमानातून खालच्या तुकड्यांसाठी लढाऊ विमानांचा मारा नेमका करायचा. आता तीच जमीन वरून दिसू लागली. कोण कुठे अडकलंय, कुणाला काय लागतंय, ते तिथवर पोचायला किती वेळ लागतोय. आणि एक गोष्ट ठळक दिसली. अमेरिकेच्या सैन्याने व्हिएतनाममध्ये मालाचे डोंगर उभे केले होते. बंदरं तुंबली होती. मागणी असो नसो, वरून माल ढकलला जाई, आणि तरीही पुढच्या चौकीवर नेमकी हवी ती वस्तू नसे. माल भरपूर असणं वेगळं आणि तो योग्य जागी असणं वेगळं. रसदीचं सगळं शास्त्र या एका फरकात आहे.

१९६९ मध्ये ते परतले. विध्वंस पुरे झाला, आता काही उभं करायचं, हे मनाशी धरून आलो होतो, असं त्यांनी नंतर सांगितलं आहे.

एकशे शहाऐंशी पार्सलं

परतल्यावर स्मिथ यांनी आर्कान्सास राज्यातल्या लिटल रॉक इथली विमानांची देखभाल करणारी एक कंपनी ताब्यात घेतली. तिथे जुना निबंध पुन्हा समोर आला, या वेळी अडचण होऊन. विमान दुरुस्तीला उभं आहे, हवा तो भाग देशातच कुठेतरी आहे, पण तो कधी येईल हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. १९७१ च्या जूनमध्ये त्यांनी 'फेडरल एक्स्प्रेस', म्हणजे पुढची फेडएक्स, ही कंपनी नोंदवली. नावामागे एक आशा होती. अमेरिकेची मध्यवर्ती बँक म्हणजे फेडरल रिझर्व्ह. तिच्या शाखांमधले चेक रातोरात पोचवायचे, म्हणजे वटण्याचे दिवस वाचतील. ते काम मिळालं नाही. नाव राहिलं.

कल्पनेचं मर्म साध्या गणितात आहे. २५ शहरं एकमेकांशी थेट जोडायची तर ३०० मार्ग लागतात. सगळा माल रोज रात्री एकाच जागी आणला, तिथे वाटला आणि परत पाठवला, तर २५ पुरतात. शेजारच्या शहरात जाणारं पार्सलसुद्धा आधी शेकडो मैल लांब जाऊन येतं. ऐकायला वेडेपणा वाटतो. पण बँकांचं क्लिअरिंग असंच चालतं : प्रत्येक बँक प्रत्येक बँकेकडे जात नाही, सगळ्या एका ठिकाणी जमतात. स्मिथ यांनी ती पद्धत वस्तूंना लावली.

जमण्याची जागा म्हणून मेम्फिस ठरलं. देशाच्या साधारण मध्यावर, धुकं-बर्फाने क्वचितच बंद पडणारा विमानतळ, आणि रात्री मोकळ्या धावपट्ट्या. विमानं मात्र लहानच घ्यावी लागली. तेव्हाच्या नियमांप्रमाणे मोठ्या विमानांनी माल न्यायला सरकारी परवाना लागे आणि तो मिळवणं जवळपास अशक्य होतं. ७,५०० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ३,४०० किलो भार नेणाऱ्या विमानांना सूट होती. म्हणून उद्योगपतींसाठी बनलेली दासो कंपनीची 'फाल्कन' जेट घेऊन, त्यांच्यातल्या खुर्च्या काढून, बाजूला मालाचं रुंद दार बसवलं गेलं.

१७ एप्रिल १९७३ च्या रात्री १४ फाल्कन उडाली. कंपनीत ३८९ माणसं होती. २५ शहरांसाठी त्या रात्री आलेली पार्सलं होती १८६. माणसांच्या निम्मीसुद्धा नाहीत.

उधारीवरचं इंधन

पुढची दोन-अडीच वर्षं फेडएक्सच्या जुन्या लोकांनी इतक्यांदा सांगितली आहेत की त्यांच्या आख्यायिका झाल्या. वारशातले सुमारे ४० लाख डॉलर स्मिथ यांनी घातले होते. गुंतवणूकदारांकडून आठ कोटींहून अधिक डॉलर उभे केले. त्या काळी एवढं भांडवल नव्या धंद्यात क्वचितच कुणी ओतलं असेल. सुरुवातीनंतर सहा महिन्यांतच अरब देशांनी तेल रोखलं आणि इंधनाचे भाव भडकले. महिन्याला दहा लाख डॉलरांहून अधिक तोटा होऊ लागला.

यातली सर्वांत गाजलेली गोष्ट लास वेगासची. कंपनीच्या सुरुवातीच्या अधिकाऱ्यांपैकी रॉजर फ्रॉक यांनी ती लिहून ठेवली आहे. खात्यात सुमारे पाच हजार डॉलर उरले होते. सोमवारचं इंधनाचं बिल त्याहून कितीतरी मोठं. कर्ज नाकारलं गेल्यावर स्मिथ घरी न परतता लास वेगासला गेले, ब्लॅकजॅक खेळले आणि २७ हजार डॉलर जिंकून कंपनीच्या खात्यात भरले. इंधनाला पैसे नसते तर विमानं उडणारच नव्हती, मग त्या पाच हजारांचा उपयोग काय होता, असं त्यांचं म्हणणं.

ही गोष्ट धाडसाचा दाखला म्हणून सांगितली जाते. मला ती तशी सांगवत नाही. इतरांच्या पोटाचा पैसा पत्त्यांवर लावणं योग्य नव्हतं, आणि डाव उलटला असता तर तीच गोष्ट आज बेजबाबदारपणाचा दाखला म्हणून सांगितली असती. शिवाय त्या २७ हजारांनी कंपनी तरली नाही. काही दिवसांचं इंधन भागलं, एवढंच. कंपनी तरली ती नंतर उभ्या राहिलेल्या भांडवलावर आणि तोवर थांबलेल्या माणसांवर. पायलटांनी स्वतःच्या क्रेडिट कार्डावर विमानात इंधन भरलं. गाडीतलं पेट्रोल संपल्यावर कुणा कुरियरने मनगटावरचं घड्याळ गहाण ठेवलं, पण पार्सल पोचवलं, असं जुने कर्मचारी सांगत आले. पगाराचे चेक लगेच वटवू नका, अशी विनंती झाली तेव्हा लोकांनी ती ऐकली. गुंतवणूकदार स्मिथ यांना बाजूला करू पाहत होते तेव्हा वरिष्ठ सहकारी राजीनामे घेऊन उभे राहिले.

याच काळात घरच्या मालमत्तेशी संबंधित एका कर्जप्रकरणात खोटे कागद केल्याचा खटला स्मिथ यांच्यावर चालला. १९७५ च्या अखेरीस ज्युरीने त्यांना निर्दोष सोडलं. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये कंपनीने पहिल्यांदा नफ्याचा महिना पाहिला होता. तोवरचा तोटा तीन कोटी डॉलरांच्या घरात गेला होता.

पगार अडकलेला असताना माणसं का थांबली? मला वाटतं, गो नोईवर पोरं ज्या कारणासाठी थांबली त्याच कारणासाठी. पुढे असलेला माणूस आडोशाला बसून हुकूम देत नव्हता.

झेंड्यांची खूण

फेडएक्सच्या व्यवस्थापकांसाठी तयार झालेले नेतृत्वाचे धडे बरेचसे मरीन कोअरच्या शिकवणीतून आले होते, आणि स्मिथ ते उघड सांगत. त्यांच्या धंद्याचं सूत्र तीन शब्दांचं होतं : माणसं, सेवा, नफा. क्रम ठरलेला. माणसांची काळजी घेतली तर ती सेवा देतील, सेवा दिली तर नफा येईल, आणि नफ्यातून पुन्हा माणसांकडे पाहता येईल. अशी सूत्रं पुष्कळ कंपन्यांच्या भिंतींवर टांगलेली असतात. इथे त्यामागे यंत्रणा होती. दरवर्षी कर्मचारी आपापल्या साहेबाचं मूल्यमापन करत आणि साहेबाला ते निकाल हाताखालच्या लोकांसमोर मांडून काय सुधारणार ते सांगावं लागे. अन्याय झाला असं वाटलं तर पायरीपायरीने थेट सर्वोच्च अधिकाऱ्यांपर्यंत दाद मागता येई.

आणि 'ब्राव्हो झुलू'. नौदलात जहाजावरून जहाजाला निरोप देण्यासाठी झेंड्यांची भाषा असते. 'बी' आणि 'झेड' हे झेंडे एकत्र फडकवले की अर्थ होतो, काम उत्तम झालं. फेडएक्समध्ये कुणी नेमून दिल्यापलीकडे जाऊन काम केलं की साहेबाने त्याला ब्राव्हो झुलू द्यायचा. लढाईच्या दिवशी संध्याकाळी लेफ्टनंट जे पोरांना सांगतो, ते मेम्फिसच्या सॉर्टिंगच्या पट्ट्यांपाशी पोचलं.

१९७७ मध्ये हवाई मालवाहतुकीवरची सरकारी बंधनं उठली. त्यासाठी स्मिथ यांनी वॉशिंग्टनमध्ये वर्षानुवर्षं खेटे घातले होते, कारण एकाच शहराला एका रात्रीत अनेक फाल्कन पाठवायची पाळी आली होती. आता बोइंग ७२७ घेता आली. १९७८ मध्ये शेअर बाजारात आलेल्या कंपनीने १९८३ मध्ये वर्षाला शंभर कोटी डॉलरांची उलाढाल गाठली. दुसरी कंपनी विकत न घेता स्थापनेपासून दहा वर्षांच्या आसपास इथवर पोचलेली ती पहिली अमेरिकन कंपनी मानली जाते. १९८९ मध्ये तिने 'फ्लाइंग टायगर' ही जुनी मालवाहू विमानकंपनी सामावून घेतली आणि आशियातले मार्ग मिळवले.

सार्जंटने सांगितलेली तिसरी गोष्ट, संपर्क, स्मिथ यांनी याच काळात धंद्यात उतरवली. पार्सलइतकंच पार्सलबद्दलच्या माहितीला मोल आहे, असं ते सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सांगू लागले होते. १९७९ मध्ये कंपनीची मध्यवर्ती संगणकव्यवस्था उभी राहिली, १९८६ मध्ये कुरियरच्या हातात बारकोड वाचणारं यंत्र आलं, १९९४ मध्ये ग्राहकाला स्वतः इंटरनेटवर पार्सल कुठे आहे ते पाहता येऊ लागलं. आज आपण मोबाइलवर 'तुमचं पार्सल निघालं आहे' हे वाचतो आणि दर तासाने पुन्हा पाहतो, त्या सवयीचं मूळ इथे आहे. वाट पाहणाऱ्याला नुसता माल पुरत नाही, त्याला खबर हवी असते. युद्धात ती नसली की माणूस आधी मनाने हरतो.

२००० साली 'कास्ट अवे' हा चित्रपट आला. फेडएक्सचं विमान समुद्रात कोसळतं, कंपनीचा एक अधिकारी निर्जन बेटावर चार वर्षं काढतो. पण एक पार्सल तो फोडत नाही आणि परतल्यावर पत्त्यावर नेऊन ठेवतो. त्यात स्मिथ स्वतःच्याच भूमिकेत दोन क्षण दिसतात. कंपनीच्या विमानाचा अपघात पडद्यावर दाखवायला परवानगी देणारा मालक विरळाच. पण त्या न फोडलेल्या पार्सलमध्ये त्यांना आपलं सगळं म्हणणं सापडलं असावं.

जिथे रसद तुटली

स्मिथ यांचे अंदाज नेहमी बरोबर आले नाहीत. १९८४ मध्ये त्यांनी 'झॅपमेल' सुरू केली : कागद कंपनीच्या कार्यालयात द्यायचा, तो फॅक्सने दुसऱ्या शहरात जाणार आणि तिथला कुरियर दोन तासांत दारात आणून देणार. फॅक्सची यंत्रं थोड्याच दिवसांत प्रत्येक कचेरीत आली. दोन वर्षांत ही सेवा गुंडाळली, तीस कोटी डॉलरांहून अधिक पैसा बुडाला. त्या कामावरच्या लोकांना मात्र कंपनीत इतरत्र सामावून घेतलं गेलं.

दुसरी उणीव पैशाची नव्हती, आणि ती मला जास्त खुपते. १९९८ मध्ये फेडएक्सने रस्तावाहतुकीचा एक व्यवसाय विकत घेतला. तोच पुढे 'फेडएक्स ग्राउंड' झाला. त्यातले चालक नोकर नसून स्वतंत्र कंत्राटदार आहेत, अशी कंपनीची भूमिका होती. गणवेश कंपनीचा, गाडीवर रंग आणि नाव कंपनीचं, वेळा कंपनीच्या; गाडीचा हप्ता, पेट्रोल आणि आजारपण चालकाचं. चालकांनी अनेक राज्यांत दावे लावले. २०१४ मध्ये अपील न्यायालयाने कॅलिफोर्नियातले चालक हे कर्मचारीच असल्याचा निकाल दिला आणि पुढच्या वर्षी कंपनीने तिथल्या दोन हजारांहून अधिक चालकांशी २२ कोटी ८० लाख डॉलरांची तडजोड केली. कामगार संघटनांनाही स्मिथ यांनी दीर्घकाळ कसून विरोध केला.

ज्या माणसाने कामगारांच्या मुलांना घेऊन लढाई लढली आणि घड्याळ गहाण ठेवणाऱ्या कुरियरच्या जोरावर कंपनी उभी केली, त्याच्या कंपनीत ही दुसरी, बाहेरची रांग का असावी? स्पर्धा होती, खर्च होता, भागधारक होते, कारणं समजतात. पण मरीन अधिकारी आधी पोरांना वाढतो आणि मग स्वतः जेवतो, या नियमाला पगारपत्रकावर नाव असण्याची अट नव्हती. हा प्रश्न अमेरिकेपुरता राहिलेला नाही. पुण्या-मुंबईत, नाशिक-नागपुरात भर पावसात पाठीवर पिशवी घेऊन जिने चढणाऱ्या मुलांकडे आपण रोज पाहतो. त्यांच्या अंगावर कंपनीचं नाव असतं. ती कंपनीची माणसं आहेत का, हे त्यांनाही नीट सांगता येत नाही. रातोरात माल पोचवायचं शास्त्र स्मिथ यांनी जगाला दिलं. ते पोचवणाऱ्या शेवटच्या माणसाचं ऋण फेडायचं काम त्यांच्या हयातीत अर्धंच झालं.

पवईचा विद्यार्थी

२००० मध्ये संरक्षणमंत्रिपदासाठी स्मिथ यांचं नाव पुढे आलं होतं. प्रकृतीच्या कारणाने त्यांनी माघार घेतली. सिनेटर बॉब डोल यांच्याबरोबर त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या राष्ट्रीय स्मारकासाठी निधी उभा केला. ते स्मारक २००४ मध्ये वॉशिंग्टनमध्ये खुलं झालं.

१ जून २०२२ रोजी त्यांनी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचं पद सोडलं. जवळपास अर्धं शतक सांभाळलेली खुर्ची त्यांनी ज्यांच्या हाती दिली ते राज सुब्रमण्यम मूळचे तिरुवनंतपुरमचे, आणि शिकलेले आपल्या पवईला; आयआयटी मुंबईचे केमिकल इंजिनियर. १९९१ मध्ये फेडएक्समध्ये लागून एकेक पायरी चढत ते तिथवर पोचले. घराण्याचं नाव न पाहता, दहा मुलं असलेल्या बापाने कंपनी बाहेरच्या देशात जन्मलेल्या माणसाच्या हाती दिली, यातही मला सैन्यातली जुनी सवय दिसते. तिथे कंपनीची कमान वारसाला मिळत नाही, लायकाला मिळते.

पद सोडल्यावर पुढच्याच वर्षी स्मिथ आणि त्यांच्या पत्नीने मरीन कोअर शिष्यवृत्ती निधीला साडेसहा कोटी डॉलर दिले. मरीनची मुलं, आणि लढाईत मरीन तुकड्यांबरोबर जाणाऱ्या नौदलाच्या वैद्यकीय जवानांची मुलं, यांच्या शिक्षणासाठी. गो नोईवरची जी पोरं येलला जाऊ शकली नव्हती, त्यांच्यासारख्यांच्या मुलांसाठी ही रसद. पन्नासहून अधिक वर्षांनी पाठवलेली, तरी पत्ता बरोबर होता.

विमानावरचं नाव

वॉशिंग्टनजवळ डलेस विमानतळाला लागून स्मिथसोनियन संस्थेचं प्रचंड विमानसंग्रहालय आहे. त्यात अवकाशयान आहे, आवाजापेक्षा वेगाने उडणारी विमानं आहेत, आणि त्यांच्यात एक छोटं फाल्कन जेट आहे. फेडरल एक्स्प्रेसचं पहिलं विमान. त्याच्यावर नाव लिहिलेलं आहे : 'वेंडी'. स्मिथ यांच्या मुलीचं नाव.

मालकाने आपल्या पहिल्या विमानाला लेकीचं नाव द्यावं, यात नवल नाही. कितीतरी मालक देतात. पण पुढची विमानं आली तेव्हा कंपनीने प्रथा पाडली : प्रत्येक विमानाला कुणा ना कुणा कर्मचाऱ्याच्या मुलाचं वा मुलीचं नाव. सॉर्टिंगच्या पट्ट्यापाशी उभा राहणारा, गाडी चालवणारा, इंजिन दुरुस्त करणारा, यांची मुलं. रोज रात्री मेम्फिसच्या धावपट्टीवर ओळीने उतरणाऱ्या विमानांवर अशी नावं असतात. पट्ट्यापाशी घामाघूम झालेला बाप मान वर करतो, तेव्हा त्याच्या लेकीचं नाव उडून जाताना त्याला दिसू शकतं.

मुंबईला ऑक्सिजन घेऊन आलेलं विमान त्याच ताफ्यातलं.